टँकवरच्या जीवरक्षकाची खुर्ची: एमएस (साधं पोलाद), एसएस (स्टेनलेस स्टील), सागवान की प्लास्टिकच्या फळ्या?

पोहायला_चला

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका खाजगी टँकवर सकाळच्या बॅचला मुलांना पोहायला शिकवते. टँक २५ मीटरचा, उघडा, वर छप्पर नाही. मे महिन्यात बॅच फुल्ल असते, एका वेळी पाण्यात तीस-पस्तीस मुलं.

गेल्या महिन्यात आमच्या लाइफगार्डच्या खुर्चीची वरून दुसरी पायरी त्याच्या पायाखाली तुटली. खालच्या कडाप्प्यावर तो नडगीवर आपटला आणि सात टाके पडले. त्याचं लक्ष पाण्याकडे होतं, पायरीकडे नव्हतं, आणि ते तसंच असायला हवं. त्या क्षणी खोल बाजूला कुणी गटांगळ्या खात असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

खुर्ची चारच वर्षांची होती. चौकोनी पाइप, वरून पांढरा ऑइलपेंट. दर एप्रिलमध्ये घासून रंग द्यायचो, त्यामुळे दिसायला ठणठणीत. तुटलेला तुकडा ग्राइंडरने कापला तेव्हा पाइपातून अर्धा कप चहाच्या रंगाचं पाणी सांडलं. आत बोट घातलं तर गंजाची पापुद्री चिकणमातीसारखी हाताला लागली. बाहेरचा रंग तेवढा शाबूत होता. म्हणजे आम्ही चार वर्षं नुसत्या सालपटाला रंग देत बसलो होतो.

आता नवीन करायची आहे. बसायची जागा साडेपाच फुटांवर, पायऱ्या पुढून, छत्री लावायची सोय आणि रात्री बाजूला सरकवता येईल अशी. कमिटीत चार जणांची चार मतं आहेत. ज्यांनी या मालात हात घातलाय त्यांनी सांगा, घ्यायचं काय?

उद्यमनगर_फॅब

ताई, वाचून वाईट वाटलं. मी फॅब्रिकेशनच करतो, म्हणून स्पष्ट सांगतो. माल वाईट नव्हता, काम वाईट होतं.

बंद पाइप कधीच पूर्ण बंद नसतो. वेल्डला टाचणीएवढं भोक राहतं. दिवसा पाइप तापला की आतली हवा बाहेर जाते, संध्याकाळी गार झाला की तो हवा आत ओढतो आणि हवेबरोबर ओल. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. तुमची पायरी तिथंच खाल्ली गेली.

बाजारात 'जीआय पाइप' म्हणून जो चौकोनी पाइप मिळतो तो बहुतेक वेळा आधी जस्त चढवलेल्या पत्र्याचा वळलेला असतो. त्यावरचा जस्ताचा थर अगदी पातळ. आम्ही वेल्ड मारला की नेमका जोडावरचा थर जळून जातो. वर सिल्व्हर पेंटचा फवारा मारला की गिऱ्हाइकाला जळालेला भाग दिसत नाही. पाणी मात्र तिथूनच सुरुवात करतं.

एमएसच वापरायचं असेल तर आधी पूर्ण सांगाडा वेल्ड करून घ्या, भोकं पाडून घ्या आणि मग अख्खा सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला पाठवा. साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात तो बुडवतात. जस्त आतून-बाहेरून सगळीकडे जातं, जोडावर सुद्धा. त्यासाठी प्रत्येक पाइपाला दोन्ही टोकांना भोक लागतं. ते नसेल तर आत कोंडलेल्या ओलीची वाफ होऊन पाइप त्या कढईतच फुटतो. म्हणून चांगला गॅल्व्हनायझरवाला भोक नसलेला माल घेतच नाही. आणि तीच भोकं पुढं आयुष्यभर पाणी काढून द्यायला कामाला येतात.

नंतर कुणी 'एक हुक तेवढा जोडून दे' म्हणालं तर गॅल्व्हनाइज्ड मालावर वेल्ड मारू देऊ नका. थर तर जातोच, शिवाय जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी वेल्डर थंडी वाजून तापाने फणफणतो. मी ते दोनदा भोगलंय. जे जोडायचं ते नट-बोल्टने.

शुक्रवारातला

एसएस घ्या ताई, विषय संपला. एकदाच पैसे जातील.

फौंड्रीवाला

विषय एसएसवर संपत नाही, तिथं सुरू होतो. मी शिरोलीत फौंड्रीच्या लॅबमध्ये आहे, रोज धातूचं पृथक्करण बघतो.

रेलिंगच्या दुकानात एसएस म्हणून जे चकाकतं त्यात २०२ ग्रेड भरपूर असतो. यात महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. घरातल्या जिन्याला चालून जातो, टँकवर नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. क्लोराइडपुढं, म्हणजे क्लोरिनच्या पाण्यातल्या क्षारांपुढं, टिकायची खरी ताकद या मॉलिब्डेनममधून येते.

लोक चुंबक घेऊन दुकानात जातात. चुंबकाने यातलं काही कळत नाही, कारण २०२, ३०४ आणि ३१६ तिन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही. पाइपाचा बोटभर तुकडा कापून घ्या. आपल्या कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावला इतक्या फौंड्र्या आहेत, कुठल्याही स्पेक्ट्रो (धातू तपासायचं मशीन) असलेल्या लॅबमध्ये तो दाखवा. ठिणगी पाडली की मिनिटभरात आत काय काय आहे ते आकड्यांत समोर येतं. ही सोय दुसऱ्या गावाला सहज मिळत नाही, आपल्याला दाराशी आहे.

दुसरी गोष्ट जरा गंभीर आहे. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावात १९८५ साली एका बंदिस्त जलतरण तलावाचं काँक्रीटचं छत खाली आलं, १२ माणसं गेली. ते छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलेलं होतं. क्लोरिनची वाफ सळ्यांवर बसत राहिली, तिथं कधी पाणी मारून धुतलं गेलं नाही आणि ताणाखालच्या धातूला आतून तडे गेले. बाहेरून बघून कळण्यासारखं फार काही नव्हतं. तेव्हापासून टँकवरच्या स्टेनलेसकडे बघायची सगळ्यांची नजर बदलली.

तुमचा टँक उघडा आहे, पाऊस सांगाडा धुऊन काढतो, त्यामुळे भीती बरीच कमी. पण आपल्याकडे पाऊस चार महिने आणि गर्दी नेमकी कोरड्या मे महिन्यात. त्या दिवसांत एसएसच्या खुर्चीवर रोज साधं पाणी मारून ती फडक्याने पुसली पाहिजे, खास करून सीटच्या खालच्या बाजूला, जिथं शिंतोडे उडतात आणि वाळून बसतात. वेल्ड आर्गन गॅसचा हवा, वेल्डनंतरचा काळा-निळा डाग पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या पेस्टने) काढलेला हवा. तो डाग राहिला तर ३१६ सुद्धा तिथून तांबूस पडतो.

उद्यमनगर_फॅब

साहेब, डागाचं अगदी खरं. आणि ज्या ग्राइंडिंग व्हीलने एमएस घासलंय तेच एसएसवर फिरवलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पंधरा दिवसांत एसएसला गंजाचे ठिपके येतात. मग गिऱ्हाईक म्हणतं माल खोटा दिला. एसएसची व्हीलं वेगळी ठेवणाऱ्याकडेच काम द्या.

तीन_सीझन_किनाऱ्यावर

मी टँकवर आणि समुद्रावर दोन्हीकडे गार्ड म्हणून काम केलंय, आता वय झालं म्हणून शिकवतो. मटेरियल ठरवताना वर बसणारा माणूस विसरू नका, एवढीच विनंती.

खुर्ची उंच का असते? आरामासाठी नाही. खालून बघितलं तर पाण्यावर आभाळ चमकतं आणि तळ दिसत नाही. वरून कोन बदलतो, चमक कमी होते, तळाशी पडलेलं मूल दिसतं. आमच्या शिकवणीत दहा-वीसचा नियम असायचा, दहा सेकंदांत ओळखायचं आणि पुढच्या वीस सेकंदांत पोचायचं. त्या वीस सेकंदांत खुर्चीवरून उतरणं पण आलं.

आता मे महिन्यात दुपारी बाराला स्टीलच्या पत्र्यावर बसून बघा. पत्रा इतका तापतो की माणूस सतत बूड हलवत राहतो, टॉवेल घालतो, टॉवेल सरकतो, तो नीट करायला खाली बघतो. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद पाण्यावरून नजर जाते. सांगाडा कशाचाही करा, अंगाला लागणारा भाग, म्हणजे सीट, पाठ आणि हात टेकायची जागा, लाकडाचा नाहीतर फिक्या रंगाच्या प्लास्टिक फळीचा करा. अखंड पाट नको, पट्ट्या हव्यात, बोटभर फट ठेवून. ओल्या चड्डीचं पाणी खाली गळून जातं आणि खालून वारा लागतो.

पायऱ्यांना गोल पाइप अजिबात नको. ओल्या तळपायाला गोल पाइप म्हणजे साबणाची वडी. चपटी, चार बोटं रुंद, वर खरखरीत. चेकर्ड प्लेट, म्हणजे उंचवट्यांची नक्षी असलेला पत्रा, मला आवडत नाही, अनवाणी पायाला टोचते आणि घाईत उतरणारा माणूस तिच्यावर पाय अर्धवट ठेवतो.

किनाऱ्यावर बहुतेक लाकडी खुर्च्याच बघितल्या. खारा वारा लोखंडाला वर्षभरात सोलून काढतो, लाकडाला त्या मानाने कमी त्रास. टँकवर मीठ नसतं, पण क्लोरिन असतो.

रंधा_आणि_पटाशी

आमचं घराणं सुतारकामातलं. लाकडाबद्दल लिहितो.

सागवान घ्या, पण गाभ्याचा. फळीच्या कडेला जो फिकट पांढरट पट्टा असतो तो घेऊ नका, तो दोन पावसाळ्यांत भुसभुशीत होतो. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, म्हणून पाणी आणि वाळवी दोघांनाही तो लवकर दाद देत नाही. टिंबर मार्केटला दांडेलीचा साग मागा. बाहेरदेशचा सागही मिळतो, स्वस्त असतो, पण त्यात कोवळा माल फार येतो, कड बघूनच घ्या. जुन्या वाड्याच्या तुळया विकायला आल्या तर त्याहून चांगलं काही नाही. माझ्या वडिलांनी महाद्वार रोडकडच्या एका जुन्या घराच्या तुळईतून बाक केला होता, तो आजही अंगणात उन्हापावसात उभा आहे. वरून राखाडी झालाय, रंधा एकदा फिरवला की आत तोच पिवळा सोन्यासारखा रंग.

पाण्यातलं लाकूड म्हटलं की जुनी माणसं जांभूळ सांगायची, विहिरीच्या तळाला जांभळाची लाकडं टाकायचे. खरं आहे, सतत पाण्याखाली ते चांगलं राहतं. पण तुमच्या खुर्चीला ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं रोज होणार. त्यात जांभूळ पिळवटतो आणि चिरतो. त्या कामाला सागच.

प्लायवूड वापरायचं म्हणत असतील तर नुसतं 'वॉटरप्रूफ' या शब्दावर घेऊ नका, आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का बघा. तरी कडा उघड्या राहिल्या तर तिथून पाणी पितो. माझं मत, खुर्चीला प्लाय नकोच.

आणि जवसाचं कच्चं तेल चोपडू नका. कोल्हापूरच्या जुलैत त्यावर काळी बुरशी धरते. सागाला काहीच लावलं नाही तरी तो मरत नाही, फक्त रंग जातो. स्क्रूची डोकी लाकडात खोल गाडू नका, तो खळगा म्हणजे पाण्याची वाटी. बोल्टला रुंद वॉशर लावा आणि तो पण एसएसचाच. साध्या लोखंडी स्क्रूभोवती लाकूड काळं पडून कुजतं, मग लोक सागाला दोष देतात.

गल्लीत_पाणी

ताईंचा अर्धा कप पाण्याचा किस्सा वाचून आमचं गेट आठवलं. २०१९ ला आमच्या गल्लीत पंचगंगेचं पाणी आलं, गेट पाच दिवस बुडालेलं. ओसरल्यावर बाहेरून धुतलं, रंग दिला, विसरलो. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, आणि त्यानंतर बिजागरीजवळचा पाइप हाताने दाबला तर पापडासारखा मोडला. आत दोन्ही पुरांचा गाळ थरावर थर बसलेला. नवीन गेटला मी खालून आठ एमएमची भोकं पाडून घेतली. फॅब्रिकेटर म्हणाला चांगलं दिसत नाही. म्हटलं, मला दिसण्याचं काही नाही, पाणी बाहेर पडू दे.

पोहायला_चला

सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीला हा धागा छापून दिला.

दोन शंका. एक, आमच्यातल्या एकांचा आग्रह आहे की सगळीच खुर्ची प्लास्टिकच्या फळ्यांची करावी, गंजायचा प्रश्नच नाही. दोन, अॅल्युमिनियमचं काय? रात्री सरकवायला हलकं पडेल.

मोल्डिंगमधला

प्लास्टिकचं मी सांगतो, कामच ते आहे.

आधी शब्द नीट लावून घ्या. फर्निचरच्या दुकानात 'डब्ल्यूपीसी' म्हणून जे बोर्ड किचनसाठी मिळतात ते बहुतेक फेसाळ पीव्हीसीचे असतात. त्यांच्यात स्क्रू धरत नाही, उन्हात ते मऊ पडून झोळ घेतात. ते नाही घ्यायचं. तुम्हाला हवी ती भरीव एचडीपीई फळी, ज्याच्या पाण्याच्या टाक्या आणि शेतातले काळे पाइप बनतात त्या जातीचं प्लास्टिक. क्लोरिनला ते जुमानत नाही, पाणी पीत नाही, उन्हासाठी त्यात यूव्हीचं औषध घातलेलं असेल तर वर्षानुवर्षं जातं. परदेशात टँकवरच्या आणि बागेतल्या खुर्च्यांना अशा फळ्या भरपूर वापरतात, जुन्या बाटल्या-डबे वितळवून केलेल्या सुद्धा.

पण नुसत्या फळीवर साडेपाच फूट उंच खुर्ची उभी करू नका. एचडीपीई लवचीक आहे. सतत वजन ठेवलं की हळूहळू वाकत जातं आणि वजन काढल्यावर पूर्ण सरळ होत नाही. उन्हात हे जास्त. त्यामुळे सांगाडा धातूचा आणि सीट फळ्यांची. फळीला खालून दर फुटाला आधार द्या.

आणि फळीला भोक गोल पाडू नका, लांबट पाडा. पहाटे वीस अंश आणि दुपारी तापलेली फळी पन्नास अंश, एवढ्या फरकात मीटरभर फळी चार-पाच मिलिमीटर लांबते. दोन्ही बाजूंनी घट्ट आवळली तर मधून कमान होते. एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला सरकायला जागा. रंग पांढरा किंवा फिका आकाशी. काळी फळी स्वस्त मिळेल, पण घेऊ नका.

उद्यमनगर_फॅब

अॅल्युमिनियमचं थोडक्यात. वजन लोखंडाच्या एक तृतीयांश, गंजत नाही, खरंच चांगला माल. पण वेल्ड मारला की जोडाच्या आजूबाजूची ताकद बरीच उतरते, म्हणून पाइप जाड घ्यावा लागतो आणि वेल्डर त्यातलाच मुरलेला लागतो. जिन्याच्या शिडीसारखी बोल्टची रचना केली तर बरं. एसएसचा बोल्ट थेट अॅल्युमिनियमला लावला तर ओलीत अॅल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये नायलॉनचा वॉशर पाहिजेच.

आणि हलकं म्हणजे चांगलंच असं नाही. छत्री लावणार आहात ना?

कळंब्याची_आई

हेच लिहायला आले होते. माझी मुलगी एका टँकवर जाते. गेल्या मे मध्ये संध्याकाळी वळीव आला, कसा येतो तुम्हाला माहीत आहे, पाच मिनिटं धूळ आणि मग एकदम वारा. गार्डच्या खुर्चीवरची मोठी छत्री फुगली आणि खुर्चीसकट आडवी झाली. गार्ड त्याआधीच खाली उतरून मुलांना बाहेर काढत होता म्हणून बरं. खुर्ची पडली ती पाण्याच्या कडेला, जिथं मुलं कठडा धरून उभी असतात.

कृपा करून पाया जड ठेवा. आणि गडगडायला लागलं की उंच धातूच्या खुर्चीवर कुणी बसू नये, मुलं पण बाहेर, हे फलकावर लिहून ठेवा.

फौंड्रीवाला

ताई, पायाचा प्रश्न कोल्हापूरकराला पडायलाच नको. बिडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग बसवा. मागच्या दोन पायांना प्रत्येकी पंचवीस-तीस किलोचा ठोकळा, खालच्या बाजूला, बोल्टने जोडलेला. पुढच्या पायांना चाकं ठेवू नका, मागे ठेवा आणि अशी की खुर्ची मागे कलली तरच जमिनीला टेकतील. बसलेल्या माणसाखाली चाक फिरायला नको. ओतकामाचा पॅटर्न साधा आहे, एखाद्या फौंड्रीत दुसऱ्या मालाबरोबर निघेल.

फरशीत अँकर ठोकणार असाल तर विचार करा, टँकच्या कडेची फरशी एकदा तडकली की तिथून पाणी खाली जात राहतं.

तीन_सीझन_किनाऱ्यावर

एक राहिलं. खुर्ची रात्री कुठं ठेवता? आमच्या एका टँकवर ती क्लोरिनच्या गोळ्यांच्या आणि ब्लीचिंग पावडरच्या खोलीत सरकवायचे, पावसाने भिजू नये म्हणून. त्या खोलीतल्या दाराच्या कड्या, कुलपं, ट्यूबलाइटची पट्टी, सगळं गंजलेलं. खुर्ची बाहेर पावसात ठेवलेली परवडली.

पोहायला_चला

खरं सांगते, हे वाचलं आणि उठून बघून आले. आमची खुर्ची चार वर्षं रोज रात्री त्याच खोलीत जात होती. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पोहायला_चला

पाच महिन्यांनी परत लिहितेय. उशीर झाला, पण काम पावसाळ्याआधी उरकलं आणि पावसाळा बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

सांगाडा एमएसचा, जाड पाइप, सगळं वेल्डिंग आणि भोकं आधी, मग हॉट डिप. ३१६ चा भाव आमच्या ऐपतीबाहेर गेला, आणि मे महिन्यात रोज पुसण्याची खात्री मी कमिटीच्या वतीने देऊ शकत नव्हते. जे काम रोज होणार नाही त्याच्या भरवशावर माल निवडायचा नाही, एवढं ठरवलं. दिसायला खुर्ची करडी, खडबडीत, बऱ्याच जणांना आवडली नाही. रंग दिलेला नाही, मुद्दामच. आता आत-बाहेर जे होईल ते डोळ्यांना दिसेल.

सीट आणि पाठ सागाच्या पट्ट्यांची, एका जुन्या दाराच्या चौकटीतून निघाली. पायऱ्या एचडीपीईच्या, चार बोटं रुंद, वर सुताराकडून आडव्या खाचा पाडून घेतल्या. मागे बिडाचे दोन ठोकळे. खुर्ची रात्री आता बाहेरच, भिंतीला साखळीने बांधून.

जुलैत सलग पाऊस लागला तेव्हा मी छत्री घेऊन बघायला गेले होते. चारही पायांच्या खालच्या भोकांतून पाण्याची करंगळीएवढी धार लागलेली होती. जुन्या खुर्चीत हे सगळं पाणी आतच राहत होतं.

गार्डची एक तक्रार आहे. छत्रीचा दांडा ज्या नळीत बसतो तिला खाली भोक ठेवायचं राहिलं, त्यात पाणी साठतं आणि डास होतात. उद्यमनगरवाले दादा, जस्त चढलेल्या नळीला आता ड्रिल मारलं तर चालेल का? कडेला काय लावू?

उद्यमनगर_फॅब

चालेल ताई, वेल्ड नको, ड्रिलच मारा. दहा एमएमचं, अगदी तळाशी. कड कानशीने साफ करून झिंक रिच पेंटचे (जस्ताची पूड भरलेल्या रंगाचे) दोन हात द्या, डबी वर्कशॉपातून घेऊन जा. आणि गार्डला सांगा, महिन्यातून एकदा सगळ्या भोकांत तार घालून बघायची. गांधीलमाशी मातीने बुजवून टाकते.